बूट कुठे चावतोय?

 

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना आलं तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आज सुरुवात एका शर्यतीपासून. रोम, ६ सप्टेंबर १९६०. ऑलिंपिकची ४०० मीटरची अंतिम फेरी. ही शर्यत आपल्याला पाठ आहे. मिल्खा सिंग चौथे आले, ४५.६ सेकंद, पदक थोडक्यात हुकलं. सिनेमा बघून आपण रडलोय सगळे. पण मला सांगा, त्या शर्यतीत पहिला कोण आला?

बघा. नाही ना आठवत? मलाही माहीत नव्हतं.

पहिला आला ओटिस डेव्हिस, अमेरिकेचा. वेळ ४४.९ सेकंद, जागतिक विक्रम. जर्मनीच्या कार्ल कॉफमनचीही वेळ तीच होती, निकाल फोटोवर लागला. तोपर्यंत ४५ सेकंदांच्या आत कुणीच धावलं नव्हतं. आणि गंमत अशी की दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा डेव्हिस धावपटू नव्हताच! अलाबामातला कृष्णवर्णीय मुलगा. त्याच्या गावात भलंमोठं विद्यापीठ होतं, पण तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तो हवाई दलात गेला, चार वर्षं नोकरी केली, मग बास्केटबॉल खेळायला ओरेगन विद्यापीठात आला. तिथे मैदानावर पळणारी पोरं दिसली. वय २६. मित्राला घेऊन सरळ कोचकडे गेला, म्हणाला, मलाही पळून बघायचंय.

त्या वयाच्या नवख्याला कुठलाही कोच काय सांगेल, आपल्याला माहितीये. या कोचने त्याला घेतलं.

आजचा भाग त्या कोचचा. नाव बिल बाउरमन. १९११ चा जन्म, ओरेगन राज्यातल्या फॉसिल नावाच्या गावात वाढलेला. 'कोच' म्हटलेलं त्याला आवडायचं नाही, स्वतःला शिक्षक म्हणायचा. १९४८ ते १९७२ तो ओरेगन विद्यापीठात शिकवत होता. चार राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं, ३१ ऑलिंपिकपटू. हे आकडे कुठेही मिळतील. मला बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीबद्दल. हा माणूस सैन्यात काय करत होता, आणि ते त्याने आयुष्यभर कसं सोडलं नाही, त्याबद्दल.

डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी बाउरमन सैन्यात हजर. पुढे त्याला कोलोरॅडोच्या डोंगरात पाठवलं, १०व्या माउंटन डिव्हिजनमध्ये. बर्फात, कड्याकपारीत लढणारी ही तुकडी. आता तुम्हाला वाटेल, पठ्ठ्या मशीनगन घेऊन पुढे असणार. तर नाही. त्याच्याकडे बराच काळ काम होतं रसद सांभाळायचं. आणि खेचरं सांभाळायची.

हो, खेचरं! डोंगरात ट्रक चढत नाहीत. दारूगोळा, पाणी, जेवण, सगळं खेचराच्या पाठीवर. आपल्या सैन्यातही उंच डोंगरात हे काम खेचरांनी वर्षानुवर्षं केलंय. पुढे विद्यापीठात नव्या पोरांपुढे बोलायला उभा राहिला की बाउरमन खेचराचीच गोष्ट सांगायचा. एकाचं खेचर काही केल्या खात नाही, पीत नाही, हलत नाही. तो खेचरवाल्याला बोलावतो. खेचरवाला येतो, फळी उचलतो आणि खेचराच्या दोन डोळ्यांच्या मधोमध हाणतो. मालक ओरडतो, अरे मारतोस काय! तर खेचरवाला म्हणतो, थांबा, आधी त्याचं लक्ष तर वेधून घेऊ द्या.

पोरं हसायची, आणि थोडी टरकायची पण.

मला मात्र वाटतं, खेचरांकडून तो आणखी एक गोष्ट शिकला असणार. हा माझा अंदाज हं, तो असं कुठे म्हणालेला नाही. खेचराला बोलता येत नाही. खोगीर कुठे टोचतंय, पाठीवर कुठे सोलवटलंय, ओझं कुठल्या बाजूला झुकलंय, हे माणसानेच बघायचं. तुम्ही नाही बघितलं, तर जनावर अर्ध्या वाटेत बसतं आणि वर डोंगरावर कुणीतरी उपाशी राहतं. रसद सांभाळणारा माणूस भाषण देत बसत नाही. तो एकच प्रश्न घेऊन फिरतो: कुणाला काय कमी पडतंय?

डिसेंबर १९४४ पासून ही डिव्हिजन इटलीत उतरू लागली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ८६व्या रेजिमेंटचे जवान रात्रीच्या अंधारात रिव्हा रिजचा कडा चढून गेले आणि वर बसलेल्या जर्मनांना गाफील गाठलं. तुम्हाला कोंढाणा आठवला ना? मलाही. बाउरमन याच ८६व्या रेजिमेंटमध्ये होता, पुढे तिच्या पहिल्या बटालियनचा प्रमुख झाला. आणि एक सांगायलाच हवं. त्याच इटलीत तेव्हा आपली माणसंही लढत होती. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे तिथेच जुलै १९४४ मध्ये धारातीर्थी पडले. एप्रिल १९४५ मध्ये नामदेव जाधवांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी साथीदारांना उचलून मागे आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. यावर एक वेगळा भाग करूच.

युद्ध संपायला काही दिवस उरले असताना बाउरमनने ब्रेनर खिंडीजवळच्या जर्मन फौजेशी बोलणी करून लढाई थांबवली. शेवटच्या आठवड्यात मरणं म्हणजे किती वाईट, विचार करा. तेवढी तरी माणसं वाचली. ऑक्टोबर १९४५ मध्ये तो सैन्यातून बाहेर पडला, मेजर म्हणून. छातीवर एक सिल्व्हर स्टार, चार ब्रॉंझ स्टार. आणि गेला परत पोरांना पळायला शिकवायला.

आता बूट.

त्या काळात पळण्याचे बूट म्हणजे जड प्रकरण. बाउरमनने बूट कंपन्यांना सुधारणा सुचवल्या, कुणी लक्ष दिलं नाही. मग हा गडी बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून काम शिकला आणि स्वतःच बूट बनवायला लागला. खेळाडूला कागदावर उभं करायचा, पेन्सिलीने पायाचा आकार काढायचा, त्या मापाने बूट. कांगारूचं कातडं वापरून बघितलं, माशाचं कातडंसुद्धा. कशासाठी? तर वजन कमी करायला. त्याचं गणित ऐका. सहा फुटांची एक ढांग धरली, तर एका मैलात ८८० पावलं. बुटातून एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम कमी केले, तर २८ गुणिले ८८०. जवळपास २५ किलो! एक मैल म्हणजे आपल्या भरतीतले १६०० मीटर. म्हणजे पोलीस भरतीला पळणारा पोरगा २८ ग्रॅमच्या फरकाने सिमेंटचं अर्धं पोतं जास्त उचलतो किंवा वाचवतो.

हे ऐकल्यावर मी माझ्या बुटांचे जाडजूड सॉक्स काढून फेकले. असो.

त्याच्या हातचे बूट पहिल्यांदा घालणाऱ्यांत दोन नावं येतात. एक आपला ओटिस डेव्हिस. दुसरा फिल नाइट नावाचा एक मध्यम दर्जाचा धावपटू. पहिला मान कुणाचा, यावर दोघांचे दावे वेगवेगळे आहेत, ते त्यांचं ते बघतील. पण फिल नाइट लक्षात ठेवा. जानेवारी १९६४ मध्ये तो जपानी बूट अमेरिकेत विकायची कल्पना घेऊन आला, तर बाउरमन म्हणाला, मी पण आहे. दोघांनी पाचशे-पाचशे डॉलर घातले. निम्मं-निम्मं करता आलं असतं. बाउरमननेच ते नको म्हटलं. तुझ्याकडे ५१, माझ्याकडे ४९. दोघांचं पटलं नाही तर निर्णय अडू नये, शेवटचा शब्द एकाचा असावा. सैन्यात बटालियन सांभाळलेला, वयाने मोठा माणूस आपल्या जुन्या विद्यार्थ्याला म्हणतो, हुकूम तू दे. ती कंपनी म्हणजे आजची नाइकी.

वॅफलची गोष्ट तुम्ही रील्समध्ये बघितलीच असेल. १९७०-७१ च्या सुमाराची. बायकोचा, बार्बराचा, वॅफल बनवायचा तवा घेतला आणि त्यात चक्क रसायन ओतलं. पकड चांगली आणि वजन कमी, असा जाळीदार तळवा बनवायला. तवा कायमचा चिकटून बसला. लोक हा किस्सा कल्पकतेचा म्हणून सांगतात. मला त्यात बार्बराबाईंची सहनशक्ती जास्त दिसते.

आता तुम्ही म्हणाल, देवमाणूस दिसतोय. तर तसं नाही. तो वागायला काटेरी होता. सॉनात किल्ल्यांचा जुडगा तापवून पोरांच्या अंगाला चटका द्यायचा, आणि ही म्हणे चेष्टा. आज कुणी केलं तर आपण रॅगिंगची तक्रार करू, आणि बरोबरच करू. आणि केनी मूरचा किस्सा आहे. मूर त्याचा विद्यार्थी, पुढे लेखक झाला, त्याने बाउरमनवर मोठं पुस्तकच लिहिलंय. हा मूर जास्त पळायचा. सांगितलंय तेवढं झाल्यावरही गुपचूप आणखी पळायचा, आणि सारखा आजारी नाहीतर जखमी. बाउरमनची पद्धत अशी, की एक दिवस कठीण, मग सोपे दिवस. शरीर विश्रांतीत घडतं. पोरगा ऐकेना. शेवटी बाउरमनने त्याचा गळा धरला आणि सांगितलं, तीन आठवडे रोज तीन मैल हळूहळू पळायचं, तेही माझ्यासमोर. एक पाऊल जास्त टाकलंस तर संघाबाहेर. तीन आठवड्यांनी शर्यत झाली. मूरने दोन मैलांची स्वतःची वेळ जवळपास अर्ध्या मिनिटाने कमी केली!

गळा धरण्याचं समर्थन मी करणार नाही. पण याच मूरच्या पंजाचं हाड मोडलं, तेव्हा बाउरमनने त्याला दोष दिला नाही. त्याचा बूट घेतला, उसवला, आतून बघितला. तळपायाच्या कमानीखाली आधारच नव्हता. मग टाचेखाली, पंजाखाली गादी असलेला नवा बूट रेखाटला. पुढे 'कॉर्टेझ' नावाने जगभर विकला गेला तोच. मूर १९७२ च्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये चौथा आला.

इथे मला थोडं माझ्याबद्दल सांगायचंय.

बऱ्याच जणांना माहितीये, मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. बारावीनंतर एक वर्ष मी भरतीची तयारी केली. आमच्याकडे तालुक्याला दोन-चार अकॅडम्या असतातच, बऱ्याचशा निवृत्त फौजींच्या. आमचे सर सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पहाटे पाचला मैदान. आणि पळायच्या आधी रोज एक विचित्र कार्यक्रम: सगळ्यांनी धुळीत बसायचं, पाय वर करायचे, बुटाचे तळवे दाखवायचे. सर टॉर्च घेऊन एकेकाचा तळवा बघत जायचे. आम्ही मागे हसायचो. फौजी किडा, म्हणायचो. एखाद्याला म्हणायचे, "काय रं, टाच बाहेरच्या अंगाला झिजलीय. गुडघा दुखतोय का?" पोरगा म्हणणार, नाही सर. "खोटं बोलू नको. बूट कुठं चावतोय ते सांग." त्यांच्याकडे एक पोतं होतं, जुन्या-नव्या बुटांचं. त्यातून एक जोड काढून पुढे टाकायचे. "घाल. परत नको करू."

आम्हाला वाटायचं, पोतं कुठून तरी दान म्हणून येत असेल. मीही कधी विचारलं नाही.

मी पण मूरसारखाच शहाणा. संध्याकाळी घरच्यांना न सांगता आणखी सहा-सात किलोमीटर पळायचो. नडगी दुखायला लागली. मी लपवलं. सरांनी तळवे बघूनच ओळखलं, एवढा बूट पाचच्या बॅचला झिजत नाही म्हणाले. मला तीन आठवडे कठड्यावर बसवलं, हातात स्टॉपवॉच देऊन. बाकीची पोरं पळतायत आणि मी त्यांच्या वेळा लिहितोय! रडू यायचं. भरतीत मी शेवटी बसलो नाहीच, ती लेखीत गेली, त्याला सरांचा काही दोष नाही. पण माझी नडगी आज शाबूत आहे. मूरचा किस्सा वाचला तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून बराच वेळ गप्प बसलो.

बरं, परत ओरेगन.

१९६२ च्या डिसेंबरात बाउरमन न्यूझीलंडला गेला, तिथले कोच आर्थर लिडियार्ड यांच्याकडे. लिडियार्ड म्हणाले, रविवारी सकाळी आमच्या लोकांबरोबर पळायला चल. बाउरमन ५१ वर्षांचा, स्वतःला फिट समजणारा. अर्ध्या मैलात धाप लागली! एक आजोबा, सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले, त्याच्यासाठी मागे थांबले आणि गप्पा मारत मारत त्याला सोबत घेऊन गेले. हा माणूस चॅम्पियनांचा कोच! त्याला लाज वाटली, आणि डोक्यात दिवा पण लागला. परत आल्यावर त्याने आपल्या युजीन गावात साध्या लोकांना बोलावलं. गृहिणी, दुकानदार, पोट सुटलेले मास्तर. फी नाही. विद्यापीठाच्या मैदानावर हळूहळू पळायचं, धाप न लागता, सोबत्याशी बोलता येईल एवढ्याच वेगाने. गर्दी एवढी वाढली की शेवटी सांगावं लागलं, आपापल्या गल्लीत पळा. मग डॉक्टर वाल्डो हॅरिस यांना सोबत घेऊन त्याने पुस्तक लिहिलं, 'जॉगिंग'. दहा लाखांवर प्रती गेल्या. त्याआधी अमेरिकेत मोठा माणूस रस्त्यावर पळताना दिसला, तर लोकांना वाटायचं हा चोर आहे किंवा वेडा. आज तुमच्या सोसायटीच्या बाहेर जे काका सहा वाजता पळतात ना, त्या लाटेची एक सुरुवात तिथली आहे.

एक किस्सा पुणेकरांसाठी, पटकन. १९८१ मध्ये कोरेगाव पार्कमधले रजनीश ओरेगनला गेले, ते नेमके बाउरमनच्या मुलाच्या रानाशेजारी. तिथे नवं शहर वसवायचं चाललं, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या बाउरमनने संस्था काढून कायदेशीर लढा उभा केला. ती डॉक्युमेंटरी पुन्हा बघाल तेव्हा नाव शोधा.

आणि म्युनिक. ५ सप्टेंबर १९७२ ची पहाट. बाउरमन अमेरिकेच्या ॲथलेटिक्स संघाचा मुख्य कोच. ऑलिंपिक गावात त्याचं दार वाजलं. दारात इस्रायलचा चालण्याच्या शर्यतीतला खेळाडू शॉल लदानी. हा माणूस लहानपणी नाझींच्या छळछावणीतून वाचलेला. दहशतवादी त्यांच्या इमारतीत घुसले होते. त्याने बाउरमनला सांगितलं. बाउरमनने चौकशी समिती नाही बसवली. फोन उचलला, अमेरिकी वकिलातीला सांगितलं, मरीन सैनिक पाठवा. कारण त्याच्या लगेच लक्षात आलं होतं की अमेरिकेच्या इमारतीतही ज्यू खेळाडू आहेत, जलतरणपटू मार्क स्पिट्झ आणि भालाफेकपटू बिल श्मिट. त्या हल्ल्यात इस्रायलच्या संघातले ११ जण मारले गेले. पण त्या पहाटे, अर्धवट झोपेत, या माणसाच्या डोक्यात पहिला हिशोब आला तो हा, की माझ्याकडे कोण आहे आणि कुणाला धोका आहे. खेचरं मोजणारा माणूस.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा भाग केला.

बाउरमन बूट चिकटवायचा ती खोली अरुंद होती. खिडकी नाही, हवा नाही. तो वापरायचा त्या गोंदात हेक्झेन नावाचं द्रव्य होतं. वर्षानुवर्षं त्याची वाफ फुप्फुसात गेली आणि मज्जातंतू खराब झाले. पायातली ताकद गेली. त्याला नीट चालता येईना, पाऊल लुळं पडायला लागलं. जगाला जॉगिंग शिकवणारा, जगाच्या पायात हलके बूट घालणारा माणूस स्वतः त्या बुटांत पळू शकत नव्हता.

मला इथे 'त्याग' वगैरे शब्द वापरायचा नाही. त्याने हे ठरवून केलं नव्हतं, त्याला त्या वाफेचा धोका माहीतच नव्हता. माहीत असता तर खिडकी पाडली असती, तेवढा व्यवहारी तो होता. पण मी विचार करत राहिलो. इतका वेळ त्या खोलीत कोण बसतं? पैशासाठी? कंपनी मोठी व्हायच्या कितीतरी आधीपासून तो तिथे बसत होता, एकेका पोराच्या कागदावरच्या पायासाठी.

२४ डिसेंबर १९९९ ला तो फॉसिलमध्ये गेला, लहानपणीच्या गावी. ८८ वर्षांचा होता.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आमच्या सरांना फोन केला. चार वर्षांत पहिल्यांदा. विचारलं, सर, ते पोतं, त्यातले बूट कुठून यायचे? आधी म्हणाले, "काय लावलंय सकाळी सकाळी." मग हळूच बोलले. पेन्शन जमा झाली की महिन्याला दोन जोड. बायको ओरडायची. अजून ओरडते.

मी म्हटलं, सर, यावेळी एक जोड मी पाठवतो. तुमच्यासाठी. नंबर सांगा.

तर म्हणाले, "नंबरावर काय असतंय? डावा पाय मोठा हाय माझा."

दुपारी व्हॉट्सअॅपवर फोटो आला. भरतीच्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काढलेले दोन पाय. डावा खरंच अर्ध्या बोटाने मोठा. खाली लिहिलेलं: 'माझे राहू दे. हे माप गणपतच्या आळीतल्या नव्या पोराचं आहे, तो अनवाणी पळतोय. त्याचाही डावा मोठाच.'